तोतोची नाडी

"एकतीस विद्यार्थ्यांनी निर्जीव बाहुल्याच्या नाडीचे आकडे मनाने रचले, अथवा अंगठा वापरून स्वतःचीच नाडी मोजली," असे आमच्या नर्सिंग कॉलेजचा चौकशी अहवाल म्हणतो. शिक्षा: नर्सची टोपी मिळते त्या समारंभाला बंदी. खाली डीन एस्तेलिता दुमागात यांची सही. गद्य निर्दोष आहे; असत्याला ते परवडते.

अंगठ्याने नाडी मोजू नये, हे आमच्या इलोइलो शहरात पहिल्याच आठवड्यात घोटवून घेतात. एकतीस अंगठे चुकले आणि तरीही सर्वांचा आकडा एकच आला, हा चमत्कार बाहुल्याच्या नाडीपेक्षा मोठा ठरेल. अहवालाने त्याची दखल घेतलेली नाही.

बालपणीचे आघात आणि पुढल्या आयुष्यातील आजार, हा माझा विषय. भ्यालेले मूल मोठे होते. त्याचे भय रक्तदाब, दमा, हृदयविकार अशी प्रौढ नावे धारण करते. म्हणून आमचा सराव असा: तोतोसमोर, म्हणजे रबरी कातडीच्या, सावरीचा कापूस भरलेल्या, लहान मुलाएवढ्या बाहुल्यासमोर, गुडघ्यांवर बसायचे, आपले नाव सांगायचे, हात धरण्याची परवानगी मागायची, मिनिटभर मनगट धरायचे आणि बोटांना लागेल तेच लिहायचे.

पहिल्या दिवशी सर्वांनी, काहीशा घाईत, शून्य लिहिले. जुनरेने पुढे जोडले: "रुग्ण दगावला. नातेवाइकांना बाचॉय सूप वाढावे."

"नातेवाईक तूच की," क्रिसाबेल म्हणाली. "नाक बघ त्याचं. तुझंच आहे."

वर्ग हसला. मीही.

मंगळवारी क्रिसाबेलने ब्याण्णव लिहिले.

"अंगठा?" मी विचारले.

"नाही मॅडम, दोन बोटं. आधी काहीच नव्हतं. 'हात धरू का' असं नीट विचारलं, मग लागली."

"माझ्याशी कधी इतकं गोड बोललीस का?" जुनरे म्हणाला.

"तुझी नाडी हवीय कुणाला?"

मी गुडघे टेकले, विचारले, मोजले. ब्याण्णव. वर्ग सुटल्यावर मी काखेतली शिवण उसवून पाहिली. आत फक्त कापूस होता, कोमट. खिडकीतून ऊन येते, असे मी स्वतःला सांगितले आणि शिवण पुन्हा घातली.

आठवडाभर सर्वांना ब्याण्णवच लागली. मुलांना याचे भय वाटले नाही; उलट कुणी तोतोपुढे तांदळाचा वाफाळता पुतो ठेवी, कुणी त्याला गाणे म्हणून दाखवी. इतका आनंदी वर्ग मी वीस वर्षांत पाहिला नव्हता.

शुक्रवारी डीन मॅडम फेरीवर आल्या. त्या दारात उभ्या असताना जुनरेच्या बोटांखाली एकशे बेचाळीस झाले. त्या गेल्या, ब्याण्णव. असे तीनदा घडले. मुलांनी शिकवल्याप्रमाणे आकडा लिहिला, वेळ लिहिली आणि दारात कोण होते तेही लिहिले.

ते कागद डीन मॅडमनी वाचले. सोमवारी अहवाल आला.

"आईनं हाँगकाँगहून सुटी काढलीय, मॅडम," क्रिसाबेल म्हणाली. "चार वर्षांनी येतेय. टोपी मिळणार नाही, कारण मी खोटं लिहिलं, असं सांगू तिला?"

मी फेरचौकशी मागितली. सकाळी दहाला, वर्गातच.

चौकशी समितीचे वृद्ध डॉक्टर इसोलेर हसतच गुडघ्यांवर बसले. "हात धरू का रे, बाळा?" त्यांनी विचारले. मग हसू ओसरले.

"ब्याण्णव," ते म्हणाले. "एस्तेलिता, जरा आत ये."

त्या आत आल्या.

डॉक्टरांनी घड्याळ पाहिले. आकडा सांगितला नाही. मनगट मात्र सोडून दिले.

"मी दाखवते," डीन म्हणाल्या.

"आधी विचारा, मॅडम," क्रिसाबेल हळूच म्हणाली.

त्यांनी विचारले नाही. हात उचलला. मिनिट सरले, दुसरेही सरले. बोटे सुटेनात.

कुणीही काही विचारले नव्हते. त्या बोलल्या ते लेखनिकाने टिपले आणि वाचून दाखवले. दुपारी बंदी उठली. इतिवृत्तातील नोंद अक्षरशः अशी:

"माझी चाहूल लागली की वॉर्डातल्या त्या पोराची नाडी अशीच पळायची. तो खाटेवरून पडून दगावला, असं अहवालात मीच लिहिलं होतं. आमच्या वॉर्डात खाटा नव्हत्याच; पोरं चटईवर झोपायची."