दोन रेघांचा पुष्कराज

"मायरा येणार न्हाई!"

सुगनबाईंनी लग्नाची यादी पाटावर ठेवली, चष्मा काढून पदराला पुसला आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत, प्रत्येक शब्द तोलून त्या म्हणाल्या, "रितिकाच्या लग्नात तुझ्या माहेरचं एक माणूस या उंबरठ्यावर नको, बिंदणी. अकरा वर्षांमागं बोलले, तेच आज बोलते!"

दारात उभ्या असलेल्या सुनेच्या, मंजूच्या, हातात चण्याच्या डाळीचा वाडगा होता. गुरुवार होता, सासूबाईंच्या व्रताचा नैवेद्य व्हायचा होता, आणि व्रताच्या दिवशी घरातल्या सुनेनं डोळ्यांत पाणी आणू नये हे तिला पक्कं ठाऊक होतं... म्हणून तिनं नुसती मान खाली घातली, आणि मनातल्या मनात देवाला विचारलं, नारायणा, एवढंसुद्धा माझ्या नशिबी नाही का रे?

मायरा! भाचीच्या लग्नात मामानं वाजतगाजत बहिणीच्या दारी यावं, बहिणीनं पाट मांडून त्याला ओवाळावं, त्यानं तिच्या डोक्यावर चुनरी घालावी... मारवाड सोडून शंभर-सव्वाशे वर्षं झाली, जालन्यातल्या बियाण्याच्या दुकानात आता चौथी पिढी बसते, घरात बोलणंही मराठीच, पण एवढी एक गोष्ट कुणी सोडलेली नव्हती. ज्या बाईच्या दारी मायरा येत नाही, तिच्याकडे चारचौघी कशा नजरेनं पाहतात ते मंजूनं पाहिलं होतं. अशा बाईला मागं कुणी नसतं, असंच जग समजतं. आणि तिच्यामागं तर रामकिसनभैय्या होता, घनसावंगीच्या बाजारात छोटीशी सराफीची पेढी चालवणारा, जिवंत, धडधाकट आणि बहिणीच्या घरचा उंबरा ओलांडायला बंदी असलेला.

"दादी, मामाचा असा गुन्हा तरी काय?" रितिका म्हणाली. जयपूरला रत्नपारखीचं शिक्षण घेऊन ती तिथंच दोन वर्षं नोकरीला होती, लग्नासाठी परवाच घरी आली होती. "लहानपणापासून विचारते, की तुम्ही सगळे म्हणता, मोठ्यांच्या गोष्टी आहेत. आता तर मीही मोठी झाले!"

साड्यांच्या घड्या घालत बसलेल्या भावनेचे हात थांबले. भावना म्हणजे सुगनबाईंची लेक, लग्नाच्या तयारीला अंबडहून आलेली. मंजूनं नणंदेकडे पाहिलं आणि हलकेच मान हलवली... नाही, बाईसा, नाही.

सुगनबाई उठल्या. देवघराच्या खालच्या खणातून त्यांनी एक लाल मखमलीची डबी काढली आणि नातीच्या पुढ्यात ठेवली.

"तू शिकलेली आहेस ना? मंग तूच पाहा. तुझ्या दादाजींनी लग्नानंतर पहिल्या दिवाळीला मला पुष्कराजची अंगठी दिली होती. पिवळा, अस्सल मधासारखा! असा खडा उकळत्या पाण्यात टाकला तर पाणी थंड होतं, संतापलेल्या माणसाच्या बोटात घातला तर संताप उतरतो, असं म्हणायचे ते. दर गुरुवारी पूजा करून मीच घालायची, दुसऱ्या कुणी हात लावायचा न्हाई. दुसऱ्याचा खडा घालू नये. आणि एके दिवशी तुझ्या आईनं मला काय आणून दिलं? हे!"

डबीत काळवंडलेल्या सोन्याच्या कोंदणात एक गुलाबी खडा होता, पहाटेच्या आभाळासारखा, निर्मळ, शांत...

मंजूच्या डोळ्यांसमोर तो गुरुवार जसाच्या तसा उभा राहिला. त्या दिवशी भैय्या मुक्कामाला आलेला होता, म्हणून दाल-बाटीचा बेत केला होता. घरकामाच्या सोनूबाईनं अंगणात गोवऱ्या पेटवल्या, मंजू आत कढईपाशी आणि निखाऱ्यात भाजायच्या बाट्यांची कणीक मळायला भावना बसली. सत्तावीस वर्षांची, सात ठिकाणांहून नकार आलेली भावना! पुष्कराज घातला की मुलीचं लग्न जमतं असं तिनं कुठंसं ऐकलं होतं, आणि शनिवारी अंबडचे पाहुणे शेवटचा होकार द्यायला यायचे होते. आईनं पूजेनंतर घालून पुन्हा देवघरात ठेवलेली अंगठी तिनं नजर चुकवून उचलली, बोटात सरकवली आणि त्याच हातानं कणीक मळली. अंगठी सैल होती. कधी निसटली, कुठल्या गोळ्यात गेली, तिला कळलंही नाही...

दुसऱ्या दिवशी सकाळी मंजू भांडी घासायला राख काढत होती, तेव्हा हाताला एक जळून कोळसा झालेली बाटी लागली. फोडली, तर आत अंगठी होती आणि पिवळा खडा गुलाबी झाला होता! भावनेनं तिचे पाय धरले. "भाभी, माँला कळलं तर ती म्हणेल, कुंवारीच्या हातात पुष्कराजनं रंग टाकला, म्हणजे हिचा गुरू रुसला! ती स्वतः पाहुण्यांना नकार कळवेल. मग माझं काही खरं नाही, भाभी!"

मंजूनं तिला उठवलं, तिचे डोळे पुसले आणि अंगठी घेऊन सासूसमोर उभी राहिली. मीच घातली होती, माँजी. निखाऱ्यात पडली...

"आगीत खडा काळा पडतो, तडकतो! गुलाबी होतो? मला येडी समजलीस?" सुगनबाई तेव्हा ओरडल्या होत्या. "आणि तू घातलीस तरी कशाला? तुझं लग्न झालं, लेकरू झालं, तुला पुष्कराज कशाला पाहिजे?" मंजू नुसतं पदराचं टोक पिळत राहिली, आणि त्यातूनच सुगनबाईंनी काढायचा तो अर्थ काढला. घरी सराफ भाऊ येतो काय आणि दुसऱ्या दिवशी खडा बदलतो काय! भैय्या म्हणाला होता, "माँजी, कुठंही तपासून घ्या." पण त्या संतापात ऐकायचं कुणी? तो उंबऱ्याबाहेर गेला, तो गेलाच. देवघराची पूजाही मंजूच्या हातून काढून घेतली गेली. शनिवारी मात्र अंबडचा होकार आला... आणि त्या रात्री मंजू समाधानानं झोपली होती, हेही तितकंच खरं!

रितिकानं पर्समधून भिंग काढलं होतं. खिडकीपाशी जाऊन तिनं खडा उन्हात धरला, फिरवला, पुन्हा फिरवला.

"दादी, हा टोपाझ आहे. अस्सल."

"अस्सल?" सुगनबाईंचा आवाज चिरका झाला. "अगं, मंग पिवळा कुठं गेला?"

"आपल्याकडे पिवळा नीलमही पुष्कराज आणि टोपाझही पुष्कराज. दादाजींनी टोपाझ आणला होता. टोपाझला हजार रंग करतात, दादी. बाजारातला तो निळा असतो ना, तो मुळात पांढरा खडा. त्याच्यावर किरणांचा मारा करून मग तापवतात. कधी वरून नुसता थर देऊन इंद्रधनुष्य करतात, तो चार दिवसांत खरवडून निघतो. पण गुलाबी... काही पिवळे टोपाझ असे असतात, की हळूहळू तापवले आणि हळूहळू निवू दिले की गुलाबी होतात. कायमचे. एकदम तापले तर तडकतात. पूर्वीचे लोक म्हणे खडा कशाततरी गुंडाळून विस्तवात ठेवायचे." तिनं भिंग पुसलं. "दादी, तुमच्या खड्याला काही खूण होती?"

सुगनबाई जणू दुसऱ्याच कुणाशी बोलाव्यात तशा म्हणाल्या, "होती की... त्यांच्या भिंगातून त्यांनी एकदा दाखवली होती. आत दोन बारीक रेघा, केसासारख्या, शेजारी शेजारी. एक लांब, एक आखूड. म्हणायचे, लांब तो मी अन् आखूड ती तू. मंग मी रुसायची..."

"या इकडे. बघा."

नातीनं भिंग त्यांच्या डोळ्याशी धरलं. गेल्या वर्षी मोतीबिंदू काढलेला तो डोळा खड्यात डोकावला. बोटं खडा इकडे तिकडे करत राहिली... आणि मग एकाएकी स्थिर झाली.

"हैत!" सुगनबाई पुटपुटल्या. "दोघंबी हैत गं... हाच तो! हाच माझा खडा!"

भिंग त्यांनी नातीच्या हातात परत दिलं. यादी बाजूला सारून त्या पाटावर बसल्या. "मंग बिंदणी खरं बोलत होती? निखाऱ्यात पडली म्हणाली, ते खरं होतं?"

"खरं होतं, माँजी," मंजू घाईघाईनं म्हणाली. "माझ्याच हातून पडली होती. झालं गेलं..."

"आवं, खोटं बोलू नका, भाभी!" अंगणातून भांडी घासता घासता सोनूबाई दारात येऊन उभी राहिली होती, कोपरापर्यंत हात फेसानं भरलेले. "म्या गवऱ्या पेटवल्या त्या रोजी. तुमी कढईपाशी व्हत्या, कणकीला हातबी न्हाई लावला तुमी! म्या तवाच बोलणार व्हते, तर तुमी माझ्या लेकराची शपत घातली. आता ते लेकरू मिशा ठेवून गावभर हिंडतंय, आता न्हाई लागत शपत!"

साड्यांचा ढीग कोसळला. भावना आईच्या पायांशी येऊन पडली होती.

"मी घातली होती, माँ! मी! भाभीनं माझ्यासाठी सगळं अंगावर घेतलं... सगाई होईपर्यंत थांबू म्हटलं, मग लग्न होईपर्यंत, मग लेकरू होईपर्यंत... दर वर्षी सांगणं आणखी अवघड होत गेलं, माँ! दर राखीला मी तुमच्याकडे येऊन भाईला राखी बांधायची, आणि भाभी आत पुऱ्या तळायची. तिची राखी पोस्टानं जायची, सोनूबाईच्या हातून, तुम्हाला न कळू देता. मला तो पुऱ्यांचा वाससुद्धा सहन होत नाही आता!"

मंजूनं मोकळ्या हातानं नणंदेला जवळ ओढून घेतलं. तिला रागच आला नाही. उलट अकरा वर्षं छातीवर ठेवलेला वरवंटा कुणीतरी उचलला, आणि आता श्वास कसा घ्यायचा हेच कळेना, असं तिचं झालं...

सुगनबाई गुलाबी खड्याकडे पाहत राहिल्या.

"संतापलेल्या माणसाचा संताप उतरवतो म्हणे," त्या हळूच म्हणाल्या. "कसा उतरवंल बिचारा? डबीत कोंडून ठेवला मी त्याला." मग त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, सुनेपाशी आल्या, आणि तिच्या हातातला वाडगा स्वतःच्या हातात घेतला. "बिंदणी, नैवेद्य आज तू दाखव. देवघरात जा. आणि मंग गूळ, गहू, मेवा, काय काय लागतं ते काढ. मायऱ्याचं आवतण द्यायला बहिणीनं भावाच्या दारी जायचं असतं. गूळ-मेव्याचं ताट, बत्तीसी, न्यायची असती."

"माँजी..."

"रविवारी जाऊ. मीबी येते. तुझ्याआधी मला जायला पाहिजे."

आणि तेव्हा मात्र, व्रताचा दिवस असूनही, मंजू पदर तोंडाशी धरून हमसाहमशी रडली!

रविवारी गाडी मंजूचे पती राधेश्यामच चालवत होते, मागं सुगनबाई आणि भावना. आई आणि बायको यांच्यामध्ये अकरा वर्षं मुके राहिलेले राधेश्याम दर दोन मैलांनी "मंजू..." म्हणायचे आणि पुन्हा गप्प व्हायचे. शेवटी मंजूलाच हसू आलं. "समोर बघून चालवा, उसाच्या ट्रॉल्या येऊन राह्यल्यात!" वाटेत जांबला देवळात हात जोडले. सुगनबाईंनी देवापुढे काय मागितलं ते कुणाला सांगितलं नाही.

घनसावंगीच्या बाजारात रामकिसन पेढीवर बसला होता. केस पांढरे झालेले, चष्मा नाकावर. गाडीतून आधी सुगनबाई उतरलेल्या पाहून तो उठून उभा राहिला, आणि त्यांच्यामागून डोक्यावर पदर, हातात बत्तीसीचं ताट घेतलेली बहीण दिसली तेव्हा त्याला पायरी उतरायचंही सुचेना.

"रामकिसन," पायरीखाली उभ्या राहून सुगनबाई म्हणाल्या, आणि बाजारातली चार माणसं ऐकतील एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या, "मी तुला चोर म्हटलं होतं. चूक माझी होती. माझा खडा तू न्हाई बदलला, कुणीच न्हाई बदलला. भाचीचं लग्न आहे. मायरा घेऊन येशील ना?"

"माँजी, असं काय बोलता..." रामकिसन लगबगीनं पायरी उतरला. "वर या. उन्हात का उभ्या?"

मंजूनं गुळाचा खडा त्याच्या तोंडात घातला, कपाळाला कुंकू लावलं. पेढीच्या कपाटाच्या कडीला राख्यांचा जुडगा लटकत होता, विटलेल्या, अकराच्या अकरा. तिनं त्या पाहिल्या आणि मग तिला काही दिसेना.

चहा झाल्यावर सुगनबाईंनी कनवटीची डबी काढून गादीवर ठेवली. "ही अंगठी बिंदणीच्या बोटाच्या मापाची कर."

"माँजी! दुसऱ्याचा खडा घालू नये म्हणता ना तुम्ही?" मंजू म्हणाली.

"दुसऱ्याचा कुठं? अकरा वर्षं तूच तर वागवला."

रामकिसननं अंगठी उचलली, भिंगाखाली धरली. "सोनं तापवून झाळायचं काम आहे, म्हणजे आधी खडा बाहेर काढावा लागेल. पुन्हा विस्तवापाशी न्यायला नको."

"आणि कणकेपाशीबी नको!" सुगनबाई म्हणाल्या. भावना डोळे पुसता पुसता हसली, तशी सगळीच पेढी हसली.

"दोन दिवस लागतील, माँजी. खडा, सोनं, सगळं इथंच राहील." रामकिसननं गल्ल्यातून पावतीपुस्तक काढलं, पेनाचं टोपण उघडलं. "थांबा, पावती लिहून देतो..."

सुगनबाईंनी पुढे झुकून पावतीपुस्तक मिटलं आणि त्याच्या हाताखाली परत सरकवलं.

"पावती न्हाई लागत," त्या म्हणाल्या. मग रिकाम्या हातानं त्यांनी मंजूचा हात धरला, आणि तिचा आधार घेत, हलक्या पावलांनी पेढीच्या पायऱ्या उतरल्या.