लुगो संग्रहातली कुजकी फीत

डबा उघडला आणि आईचा आवाज ऐकायला आलेल्या प्रोविदेन्सिया आयाला यांना ओकारी आली.

आंबट भपकारा होता. डब्यातलं रीळ ओलसर, चिकट, कुठल्यातरी जनावरानं चघळून न आवडल्यामुळे परत केल्यासारखं. बेटावरच्या पोन्से शहरातल्या लुगो ध्वनिसंग्रहाचे संचालक डॉक्टर एवारिस्तो लुगो यांनी सगळ्यांच्या आधी नाक मुरडलं.

"व्हिनेगरचा वास," ते म्हणाले. "जुन्या फितींचा रोग. फीत आतून कुजते. वाईट वाटतं, प्रोविबाई. तुमच्या आई गेल्या."

आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिचा आवाज तेवढा या एका फितीवर उरला होता. प्रोवि लहान असताना संचालकांचे आजोबा, थोर संगीतकार लुगो, गावात येऊन तो टिपून घेऊन गेले होते. तो एकदा ऐकायची परवानगी मिळवता मिळवता प्रोविचे गुडघे गेले होते.

डॉक्टरांनी दोन गोष्टी जाहीर केल्या. एक, हा रोग शेजारच्या फितींना लागतो, तेव्हा हे रीळ आजच्या आज कचऱ्याच्या गाडीत जाईल. दोन, कोठाराची हवा कोरडी ठेवण्याचं काम सूचीकार नेरेइदा किन्योनेसचं होतं, तेव्हा रिळापाठोपाठ तीही जाईल. नेरेइदाचं म्हणणं होतं की मागच्याच महिन्यात तिनं हे रीळ तपासून सूचीत चढवलं, तेव्हा त्याला काही वास नव्हता, आणि हे कुजणं वर्षानुवर्षं चालतं. डॉक्टर म्हणाले, ती असंच म्हणणार.

प्रोवि खुर्चीत बसली आणि तिनं भाचीला फोन लावला.

मिग्दालिया फेलिऊ पोलिसांच्या चोरी विभागात होती. सध्या रजेवर होती, त्यामुळे ती आली तेव्हा तिच्या चपलांतून समुद्राची वाळू सांडत होती. डॉक्टर रबरी हातमोजा घालून प्रोविच्या खांद्यावर थोपटत होते. मिग्दालियाला किळस आली ती आधी त्या हातमोज्याची. मग तिनं डब्यात नाक घातलं. तिला शिंक आली. मग आणखी एक. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"रडू नका," डॉक्टर म्हणाले.

"रडत नाहीये," मिग्दालिया म्हणाली आणि पुन्हा शिंकली.

तिनं नेरेइदाला बाजूला घेतलं.

"कोठाराच्या किल्ल्या कुणाकडे?"

"माझ्याकडे आणि डॉक्टरांकडे."

"मावशीच्या लहानपणच्या काळातली फीत ओळखायची कशी?"

"ओढली की सुक्या शेवयांसारखी कट्कन तुटते. म्हणून कुणी ओढत नाही."

"आणि नंतरच्या काळातली?"

"ती तुटत नाही. ताणली जाते."

खाली उपाहारगृहात पहारेकरी चेओ भाताकडे सुतकी चेहऱ्यानं बघत बसला होता. त्याची तक्रार पीकेबद्दल होती. घरच्या मिरच्या आणि लसूण रमच्या बाटलीत ठासून वर व्हिनेगर भरून तो पीके स्वतः करायचा. काल बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती. आज तळाशी नुसत्या मिरच्या आणि लसूण. घशाखाली घास कसा उतरवायचा, असं त्यानं पोलीस खात्यालाच विचारलं.

"कुणी संपवलं असेल?" मिग्दालिया समोर बसली. तिच्यापुढेही भाताची ताटली आली.

"सगळेच घेतात, ताई. पण डॉक्टरसाहेब जरा जास्तच. अंड्यावर, सूपमध्ये, एकदा तर केकवर. तो ताप आल्यापासून त्यांना चवच नाही ना. वासही येत नाही. मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या छतात उंदीर मेला. आम्ही सगळे आठवडाभर फाटकाबाहेर जेवलो. ते आपले खाली बसून कॉफी पितायत. शेवटी टेबलावर अळ्या पडायला लागल्या, तर मला म्हणतात, चेओ, भात सांडलाय, झाडून घे."

मिग्दालियानं ताटली पलीकडे सरकवली.

बाहेर कचऱ्याची गाडी भोंगा वाजवत होती आणि वर डॉक्टर काळ्या पिशवीला गाठ मारत होते. मिग्दालियानं पिशवी काढून घेतली, रिळाचं टोक चिमटीत धरलं आणि ओढलं. नेरेइदानं डोळे मिटले.

फीत ताणली गेली. आणखी ताणली गेली. तुटली नाही.

"ही माझ्या आजीची फीत नाही," मिग्दालिया म्हणाली. "ही नंतरच्या काळातली आहे. कुजलेलीही नाही. हिच्यावर चेओचं पीके ओतलंय. मला शिंका मिरचीनं आल्या, आणि व्हिनेगरच्या खाली वास आहे तो लसणाचा."

"नेरेइदा," डॉक्टर खेदानं म्हणाले. "तू असं करशील असं वाटलं नव्हतं."

"नेरेइदाला नकली ठेवायचीच असती, तर तिनं तुटणारी ठेवली असती. शिवाय तिला नाक आहे. तिनं लसूण घातला नसता. चेओकडे किल्ली नाही, आणि तो स्वतःचं पीके असं नासवणार नाही. डॉक्टर, छतात मेलेला उंदीर ज्यांना आठवडाभर कळला नाही, त्यांना डबा उघडताक्षणी व्हिनेगर कसं कळलं?"

डॉक्टरांनी हातमोजे काढायला सुरुवात केली. एक निघाला. दुसरा निघेना.

"खरं रीळ कुठंय?" प्रोविनं विचारलं.

"ही फीत पुसून वाजवा, म्हणजे कळेल," मिग्दालिया म्हणाली. "ही कुठल्यातरी डब्यातून काढलीय. तो डबा रिकामा ठेवला असता, तर पुढच्या मोजणीत सापडला असता. म्हणजे त्यात काहीतरी ठेवलं असणार."

नेरेइदानं फीत पुसली आणि लावली. यंत्रातून डॉक्टरांचाच आवाज आला. आजोबांच्या थोरवीवर त्यांनी दिलेल्या व्याख्यानाचा हा चौथा भाग होता.

"हे कधी कुणी ऐकायला मागितलंय?" मिग्दालियानं विचारलं.

"पहिलासुद्धा नाही," नेरेइदा म्हणाली आणि कोठाराकडे धावली.

संग्रहात चुकीच्या डब्यात गेलेली वस्तू समुद्रात टाकल्यासारखीच. ती लपवायला इतका सुरक्षित डबा निवडल्याबद्दल मिग्दालियाला डॉक्टरांचं थोडं कौतुक वाटलं.

"जाळून का नाही टाकली?"

"मी संग्राहक आहे, बाई," डॉक्टर ताठ बसत म्हणाले. "आम्ही काही नष्ट करत नाही."

चौथ्या भागाच्या डब्यातून आईचं रीळ निघालं. कोरडं, धडधाकट, वास नसलेलं. नेरेइदानं ते नुकतं जन्मलेलं मूल आणावं तसं आणलं आणि लावलं. कचरेवाल्यानं भोंगा थांबवला आणि तोही दारात येऊन उभा राहिला.

एक बाई गात होती. खोलीतल्या प्रत्येकाला ते गाणं येत होतं. बेटावरचं प्रत्येक घर नाताळात तेच गातं. फाटकातल्या पुतळ्याखाली त्याचे शब्द कोरलेले आहेत आणि त्यांच्याखाली आजोबा लुगोंचं नाव. प्रोविनं रुमाल शोधला.

गाणं संपल्यावर एका तरुण पुरुषाचा, म्हणजे ते टिपून घेणाऱ्या आजोबा लुगोंचा, आवाज आला. हे कुणाकडून शिकलीस, असं त्यानं विचारलं.

"शिकते कशाला? मीच केलंय," बाई म्हणाली. "नाताळाच्या आदल्या दिवशी नदीवर डुकराची आतडी धूत होते. असली घाण सुटली होती की तोंड बंद ठेवलं असतं तर ओकले असते. म्हणून गात राहिले. घरी जाईपर्यंत गाणं झालं. मालक, ते यंत्र बंद करा, त्याच्यावर काहीतरी वळवळतंय बघा."

फीत संपली आणि टोक फटफट आपटत राहिलं. डॉक्टर म्हणाले की सूचीत आतड्यांचा उल्लेख टाळता आला तर बरं, सणाचं गाणं आहे. मिग्दालिया ठाण्याला फोन लावत होती.

नेरेइदा संगणकाच्या पडद्यासमोर बसली. रचनाकाराच्या रकान्यातलं नाव तिनं पुसलं आणि प्रोविकडे वळली.

"आईचं पूर्ण नाव काय?"

"एउलालिया आयाला पिसारो," प्रोवि म्हणाली. त्या इमारतीत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. नेरेइदा टाइप करत होती तोवर ती पडद्याजवळ वाकून एकेक अक्षर बघत राहिली.

"आणि प्रसंग?"

"आतडी," प्रोवि म्हणाली. "डुकराची. नीट लिही."