निरोपाचा शब्द

मांजरं आणि कुत्रा एका घरात नांदवणं म्हणजे दोन सवतींना एका चुलीवर बसवणं, असं लोक म्हणतात. मला तेवढंच दुखणं असतं तर मी देवाला नारळ फोडला असता.

अठ्ठ्याण्णव साल, आवणीचे दिवस. दिवसभर चिखलात वाकून भात लावायचा, घरी येईतो कंबर धरलेली. अशात माझा नवरा जीवन धसईहून एक कुत्रा घेऊन सापगावला आला. त्याची आत्या धोंडीबाई वारली होती, आणि तिच्यामागे त्या कुत्र्याला कोणी नव्हतं. निपुत्रिक, एकटी बाई. दोन वर्षांपूर्वी तिने आमची मनस्वी मागितली होती. "एक पोर दे गो अनिता, मी वाढवीन." मी नाय म्हटलं. त्यानंतर तिने आमच्या घरचं पाणीही घेतलं नाही.

कुत्रा पडवीत बांधला. त्याचं पोतं आमच्या दोन मांजरींजवळ टाकलं, वास ओळखीचा व्हावा म्हणून. दोघी त्या पोत्यावरच झोपल्या. चौथ्या दिवशी त्याला घरात सोडला, तर त्याच्या अंगाला अंग घासून गेल्या. मी म्हटलं, सुटले एकदाची.

पण कुत्रा बसला की त्याच्या शेजारची हातभर जागा त्या ओलांडत नसत. वळसा घालून जायच्या. कधी तिथे कोणी नसताना पाठ उंच करून फिसकारायच्या. आणि बघायच्या ते जमिनीवर नाही, बसलेल्या माणसाचं तोंड असतं तेवढ्या उंचीवर. त्या जागेला भाजलेल्या मिश्रीचा वास यायचा. आमच्या घरात मिश्री कोणीच लावत नाही. मनस्वी हल्ली तिथेच बसून जेवायची. मला भीती वाटली, पण खरं सांगते, भ्यायलाही अंगात जोर लागतो.

शेजारची रखमी एकदा आली आणि मांजरींकडे बघत उभी राहिली.

"कुत्र्याला नाय भीत त्या," ती हळूच म्हणाली. "म्हातारी आलीय त्याच्या मागून. मागितलेली पोर न्यायला."

"मग काय करू गो?"

"तिन्हीसांजेला उंबऱ्याबाहेर दहीभात ठेव. सांग, पोर देत नाय, जा. पण 'जा'च म्हण हां..."

त्याच संध्याकाळी शेतावरून आले आणि पाय न धुताच भात ठेवला. मनस्वी आत जेवत होती. पाऊस थांबला होता, पागोळ्या तेवढ्या गळत होत्या.

"आत्याबाई," मी म्हटलं, "पोर माझी हाय. ती नाय मिळायची. भात घ्या आणि..."

वडीलधाऱ्या माणसाला उंबऱ्यावरून कधी कुणी 'जा' म्हटलंय? जन्माची सवय. दमलेल्या तोंडातून निघून गेलं, "...या."

चूक लगेच कळली. 'जा' म्हणायला तोंड उघडलं, तोच आतून मनस्वीचा आवाज आला.

"आई, आजी 'येते' म्हणाली."

निघणारीही येते म्हणते आणि येणारीही. दारातूनच विचारलं, "कुठं तोंड करून म्हणाली गो? बाहेर का आत?"

"तोंड नाय दिसत," मनस्वी म्हणाली. "ती माझ्या मागं बसलीय... वेणी घालते."