कॅल्शियमचे पाच थेंब

“दिवा लावू नका!”

मी किंचाळले खरी, पण तोवर खटका पडला होता. अंधारखोलीत लख्ख उजेड झाला आणि दारात एक माणूस दिसला... रेनकोटातून पाणी ठिबकतंय, एका हातात हत्यारांची पेटी, दुसरा हात अजून बटनावर.

“लाइट काइकू नक्को, मॅडम?”

काइकू म्हणे! सकाळी सहाला मी एका आजारी उंदराच्या हृदयाच्या पेशी सुट्या केल्या होत्या. संध्याकाळपर्यंतच जगतात बिचाऱ्या. त्यांत एक रंग मुरवला होता. पेशीत कॅल्शियम उसळलं की हा रंग चमकतो, आणि उजेड लागला की फिका पडतो. त्यात आज सूक्ष्मदर्शकाचा लेझरही रुसलेला.

“झालं! आता काय डोंबल दिसणार!” मी स्वतःशीच पुटपुटले.

“लेझर तर सुरू होऊ द्या... मग बघू की डोंबल,” तो चक्क मराठीत म्हणाला आणि हसला.

रागवायचं सोडून मी त्या हसण्याकडे बघत राहिले. माझं चुकलंच.

तो श्रीपती. सूक्ष्मदर्शकं दुरुस्त करणाऱ्या कंपनीतला इंजिनियर. राहायला हैदराबादच्या कुकटपल्लीला, गाव मूळचं निलंग्याकडचं. ते २०१३ साल होतं. आंध्र राज्याची वाटणी व्हावी म्हणून एक दिवस बंद, होऊ नये म्हणून दुसऱ्या दिवशी बंद. त्या दिवशी बसही नव्हती आणि रिक्षाही नव्हती, तरी हा पठ्ठ्या भर पावसात मोटरसायकलवरून तार्नाक्याच्या आमच्या प्रयोगशाळेपर्यंत आला होता. तासाभरात लेझर सुरू झाला. थोडा रंग जिवंत उरला होता. मी त्याला पडद्यावर दाखवलं.

“हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला पेशीत कॅल्शियमची लाट उठते. निरोगी पेशीत सगळीकडे एकदम. ही पेशी आजारी आहे. आतल्या बारीक नळ्यांच्या रांगा विस्कटल्यात, त्यामुळे लाट इकडे उठते, तिकडे उठतच नाही. आणि या बघा... कुणी न बोलावता उडणाऱ्या ठिणग्या.”

तो वाकून बघत राहिला. “बाहेरून कळत नसंल ना, आतून रांगा मोडल्यात म्हणून?”

“तेच तर माझं संशोधन आहे. हृदय थकण्याच्या किती आधी रांगा मोडायला लागतात, ते.”

“लई भारी,” तो म्हणाला. आणि खरं सांगते, तीन वर्षांत माझ्या गाइडच्या तोंडूनसुद्धा एवढी दाद मिळाली नव्हती!

पुढच्या आठ महिन्यांत त्या सूक्ष्मदर्शकाला जेवढी दुखणी झाली, तेवढी माझ्या उंदरांनाही झाली नसतील. कधी आरसा हलायचा, कधी पंखा कुरकुरायचा. श्रीपती यायचा, पाच मिनिटांचं काम तासभर करायचा. एकदा त्याने कोठी बाजाराच्या फुटपाथवरून मराठी पाककृतींचं जुनं पुस्तक आणलं.

“मला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. शाळा तेलुगूची. तुम्ही वाचा ना.”

पेशींत रंग मुरायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास बाहेरच्या बाकावर मी त्याला भरल्या वांग्याची कृती वाचून दाखवायची, आणि तो अशा चेहऱ्याने ऐकायचा की मसाला परतताना माझाच आवाज कापायचा.

“मीठ चवीपुरतं,” मी म्हणायची.

“कुणाच्या चवीपुरतं?” तो विचारायचा.

आता काय सांगणार!

मग आला २०१४चा मे. जूनच्या दोन तारखेपासून राज्यं दोन होणार होती. मेअखेरच्या एका दिवशी मी अठरा आठवडे जपलेल्या शेवटच्या आजारी उंदराच्या पेशी सुट्या केल्या. या पेशी गेल्या तर पुन्हा चार महिने थांबायचं. पेशी सुट्या करताना त्यांना बिनकॅल्शियमच्या पाण्यात ठेवावं लागतं, आणि नंतर कॅल्शियम परत द्यायचं ते अगदी थोडं थोडं करून. पाच वेळा, दहा-दहा मिनिटांनी. एकदम ओतलं तर उपाशी पेशींना ते झेपत नाही, आखडून जागच्या जागी मरतात. नव्या मुलींना हे मीच घोकून शिकवलेलं.

बारा वाजायला आले होते. मी पहिली नळी हातात घेतली आणि तेवढ्यात दार उघडलं.

“मॅडम,” श्रीपती म्हणाला. हातात पेटी नव्हती. “कंपनीची माणसं बी दोन राज्यांत वाटायलेत. मला विजयवाडा देतेत. बढती बी हाय. नको असंल तर एकच्या आत साहेबाला फोन करायचाय.”

“मग?” मी विचारलं.

“मग काय... हितं थांबायला काही कारण हाय का, तेवढं इचारायला आलो.”

उत्तर माझ्या हातांनी दिलं. पाच वेळा मिळून घालायचं कॅल्शियम मी एका दमात नळीत ओतलं होतं.

“अगं बाई!” मी नळी भिंगाखाली धरली. सुबक लांबट पेशी डोळ्यांदेखत आखडून गोल होत होत्या... संपल्या.

“काय झालं?”

“तुम्ही एकदम बोललात, मी एकदम ओतलं!” मला रडू येत होतं आणि, काय सांगू, हसूही येत होतं. “अशी चूक मी आयुष्यात केली नव्हती.”

दुसरी नळी शिल्लक होती. अर्ध्या पेशी. घड्याळात बाराला पाच कमी.

“बसा,” मी म्हटलं. “तुम्हाला कारण हवंय ना? मीही थोडं थोडंच सांगणार. मला एकदम झेपायचं नाही.”

पहिला थेंब.

“मार्चमध्ये लेझर बिघडलाच नव्हता. वायर मी सैल केली होती.”

“ठाऊक हाय,” तो शांतपणे म्हणाला. “म्या रिपोर्टात ‘धूळ’ लिहिलं.”

दहा मिनिटं मी त्याच्याकडे बघितलंच नाही. कान मात्र तापले होते.

दुसरा थेंब.

“पप्पांना तुमच्याबद्दल सांगितलंय.” माझे पप्पा उत्तमराव, रेल्वेतून रिटायर झालेले, नांदेडहून इथे आलेले. “ते म्हणाले, हाताला काम येणारा माणूस चांगलाच. पण त्याच्या घरचं काय?”

श्रीपतीने काही म्हणायला तोंड उघडलं. मी बोट वर केलं. थांबा.

तिसरा थेंब. “आमच्याकडे रोज बुद्धवंदना होते. तुमच्याकडे खंडोबाची तळी उचलतात. मला कुणाच्या घरात नाव लपवून, मान खाली घालून राहायचं नाही. त्याचीच भीती वाटते मला. म्हणून आठ महिने गप्प बसले.”

तो गंभीर झाला. “आईला म्या संक्रांतीलाच सांगितलं. समदं, नाव-गाव-घर. तीन दिवस बोलली नाही. लई वाईट दिवस होते ते. चौथ्या दिवशी इचारलं, पोरीला तिखट चालतं का?”

“मग तुम्ही काय सांगितलं?”

“म्हटलं, तिखट तर तीच हाय.”

मी हसले. खूप दिवस छातीवर ठेवलेलं काहीतरी खाली उतरलं. नळी बघितली. पेशी लांबट, सरळ, जिवंत.

चौथा थेंब. बारा पंचवीस. “आता मला मॅडम म्हणायचं नाही. जयवंता म्हण. आजीचं नाव आहे, जुनाट वाटेल, पण...”

“जयवंता,” तो म्हणाला. एकदाच. पुढची दहा मिनिटं मी ते कानांत घोळवत बसले.

बाहेर कुठेतरी जयघोष चालला होता, ढोल वाजत होते, कुणाला राज्य मिळत होतं. मी पाचवा थेंब सोडला आणि त्याच्या डोळ्यांत बघितलं.

“जाऊ नकोस, श्रीपती. मला तू आवडतोस. फार.”

त्याने फोन काढला. मोठ्या साहेबाशी बोलताना नेहमी उभा राहणारा हा माणूस आज बसूनच होता, कारण त्याचा एक हात मी धरला होता.

“सार्... नेनु हैदराबाद्‌लोने उंटानु.” मी हैदराबादेतच राहणार. पलीकडून बराच वेळ बडबड ऐकू आली. बढतीचं नाव दोनदा निघालं. “हौ सार्. कारण हाय... पक्कं हाय!” घाईत त्याने तेलुगू साहेबालाच मराठीत ऐकवलं.

मग आम्ही पेशींत रंग मुरवला आणि अंधारखोलीत शिरलो. तो दाराशी थबकला, बटनाकडे बघत. त्याला हात लावायची हिंमत होईना.

या वेळी दिवा मीच बंद केला.