मळीच्या टाकीतले तीन ठोके

ही गोष्ट खोटी वाटली तर खुशाल हसा. पण ती माझ्या मावसबहिणीसोबत, सीमासोबत घडली, आणि तिचा शेवट मी माझ्या कानांनी ऐकलाय.

वेळ मध्यरात्रीची नाही. चार मार्च, सकाळचे साडेदहा, डोक्यावर लख्ख ऊन. जागा शेवगावकडचा एक साखर कारखाना. नाव सांगणार नाही, सीमाने शपथ घातलीय.

सीमा तिथे सेफ्टी ऑफिसर होती.

सुरुवात झाली गेल्या वर्षी. उसाचं गाळप लवकर आटोपलं होतं आणि मळीची एक टाकी आतून साफ करायची होती. उसाच्या रसातून साखर काढून झाली की उरते ती काळी, चिकट मळी. सडली की असा आंबूस वास मारते की दोन दिवस घास घशाखाली उतरत नाही. तळाशी गुडघाभर गाळ, आणि वर डोळ्यांना न दिसणारा विषारी गॅस.

टाकीत उतरणाऱ्यांसाठी सीमाने स्वतः एक नियम घालून दिला होता. बाहेर एक माणूस पाना घेऊन बसणार. आतल्याने पत्र्यावर तीन ठोके दिले की बाहेरच्याने लगेच तीन ठोके द्यायचे. म्हणजे, मी आहे. आतले ठोके थांबले की कमरेचा दोर ओढून त्याला वर काढायचं. आणि आभाळ कोसळलं तरी बाहेरच्याने जागा सोडायची नाही.

त्या दिवशी आत होता वैजनाथ. ठेकेदाराचा माणूस, तिशीतला. टाकीत उतरायच्या परवान्यावर सही सीमाची. बाहेर पाना घेऊन कारखान्यातले जुने कामगार हनुमंतमामा.

आणि तो दिवस होता चार मार्च, सुरक्षा दिन.

स्टोअरमधून नव्या कोऱ्या हेल्मेटांची खोकी आली. वरचं प्लॅस्टिकही काढू दिलं नाही, कारण शपथेचा फोटो झाला की ती परत जमा व्हायची होती. पेढ्यांवर माशा घोंगावत होत्या. मॅनेजरसाहेबांनी शपथेला उभ्या रांगांकडे पाहून तोंड वाकडं केलं.

"फोटो भरलेला दिसला पाहिजे. आणखी माणसं बोलवा."

सीमा टाकीकडे गेली. "मामा, दोनच मिनिटं या."

"आत वैजनाथ हाय मॅडम. जागा सोडायची न्हाई म्हनून तुमीच सांगितलंय न्हवं?"

"दोनच मिनिटं हो. साहेब खोळंबलेत."

मामा आले. त्यांच्याही डोक्यावर प्लॅस्टिकसकट हेल्मेट बसलं.

सगळ्यांनी उजवा हात पुढे केला. शपथ सुरू झाली... "मी अशी प्रतिज्ञा करतो की..."

ठण्. ठण्. ठण्.

टाकीतून. सगळ्यांना ऐकू आलं.

मामांनी सीमाकडे पाहिलं. फोटोग्राफर ओरडला, "हलू नका!"

पुन्हा... ठण्. ठण्. ठण्. या वेळी घाईघाईने.

कुणाचाही हात खाली आला नाही. सीमाचाही नाही.

तिसऱ्यांदा दोनच ठोके आले.

मग टाळ्या झाल्या.

मामा धावत पोचले तेव्हा दोर सैल पडला होता. वैजनाथ गाळात पालथा. बाहेर काढला तर नाकात मळी, तोंडात मळी, पापण्या मळीने चिकटलेल्या. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्याच्या ओठांवर मुंग्या चढल्या होत्या. तिथून दहा पावलांवर एक जण हेल्मेटं परत खोक्यात भरत होता.

साहेब म्हणाले, "सुरक्षा दिनालाच माणूस गेला म्हणजे आपलं हसं होईल." अहवाल लिहिला गेला: मजूर परवाना न घेता, स्वतःच्या मर्जीने टाकीत शिरला. सीमाने दिलेला परवाना फायलीतून गायब झाला. वैजनाथची बायको म्हणत राहिली, "त्यो असा आपल्या मनानं आत जानारा न्हवता." कुणी कान दिला नाही.

सीमाने अहवालावर सही केली.

शपथेचा फोटो मात्र फ्रेम करून ऑफिसात लागला.

या वर्षी पुन्हा चार मार्च. तीच हेल्मेटं, तेच प्लॅस्टिक. मळीची टाकी वर्षभर कोरडी, झाकणाचे नट गंजलेले. माइकसमोर शपथ वाचायला सीमा.

"मी अशी प्रतिज्ञा करते..."

ठण्. ठण्. ठण्.

सीमाचा आवाज बंद पडला. तिने समोर पाहिलं. सगळे हात तसेच. फक्त शेवटच्या रांगेत मामांनी हात खाली घेतला होता.

"हलू नका!" फोटोग्राफर ओरडला.

ठण्. ठण्. ठण्...

सीमा माइक सोडून धावली. तिच्यामागे मामा. तिथलाच एक पाना उचलून तिने पत्र्यावर तीन ठोके हाणले.

आत शांतता.

मग पत्र्यावर टेकलेल्या तिच्या तळहाताखाली, आतल्या बाजूने... एक ठोका. हळूच.

मामांनी कसेबसे नट काढले. झाकण उघडलं. टाकी कोरडी ठणठणीत. आत कुणी नाही.

पण झाकणाच्या आतल्या अंगाला दोन पंजे उमटले होते. ओल्या मळीचे. बोटं वरच्या दिशेने, खरवडत आलेली. आणि त्यांच्यावर मुंग्यांची रांग.

सीमा तिथेच ओकली. तोंड पुसलं आणि सरळ माइकपाशी गेली.

"वैजनाथ परवाना घेऊन आत गेला होता. परवाना मी दिला होता. बाहेरचा माणूस मी हलवला, या फोटोसाठी. मी सही केलेला अहवाल खोटा आहे."

साहेबांनी माइक बंद करायला लावला. मागून कुणीतरी हसलंसुद्धा. पण वैजनाथच्या बायकोपर्यंत ते शब्द त्याच दिवशी पोचले. सीमाने तेच कागदावर लिहून सरकारी कार्यालयात दिलं आणि नोकरी सोडली. उत्तर अजून आलेलं नाही.

वाटलं, आता सुटली.

मागच्या रविवारी मी सावेडीला तिच्या फ्लॅटवर गेलो होतो. चहाचा कप माझ्यासमोर ठेवताना ती अचानक थांबली. स्वयंपाकघरातून गच्चीवरच्या टाकीकडे लोखंडी पाइप जातो. त्या पाइपातून...

ठण्. ठण्. ठण्.

मीही ऐकलं. स्पष्ट.

सीमाने ओट्यावरचा पाना उचलला आणि पाइपवर शांतपणे तीन ठोके दिले. पाना तिथे मसाल्याच्या डब्याशेजारीच ठेवलेला असतो.

"सीमा, हे रोज होतं?"

"रोज."

"मग हे घर सोड ना. आईकडे जा."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी घाण बोललो.

"दादा, तो अजून आत आहे. बाहेरच्याने जागा सोडायची नसते."

मी कप उचलायला गेलो तर कपाचा कान बोटांना चिकटला. बोटांचा वास घेऊन पाहिला... आंबूस, मळीचा. चहा तसाच ठेवला.