सत्तर टक्के

चार्जिंगला गाडी लावून तास तास जांभया देत बसायला ज्यांना सवड नसायची, ते सगळे अक्काकडे, बॅटरी बदलायच्या केंद्रावर यायचे. टॅक्सीवाले यायचे, बेकरीवाला यायचा, लांबच्या शाळेत शिकवणारे मास्तर यायचे. गाडी ओट्यावर चढवायची, ब्रेक लावायचा आणि गप्प बसायचं. ओट्याखालच्या खड्ड्यातून यंत्राचे हात वर यायचे, गाडीच्या पोटाखालची गादीएवढी बॅटरी सोडवून खाली न्यायचे आणि भरलेली दुसरी आणून बसवायचे. ती बसताना गाडीला एक हिसका बसायचा आणि मागोमाग आवाज यायचा... टक्. पाच मिनिटांत माणूस रस्त्याला लागायचा. आज आपल्या गाडीखाली असलेली बॅटरी काल कुणाला घेऊन कुठं गेली होती, हे कुणी विचारत नसे. विचारून करायचंय काय?

अक्का मात्र विचारायची. तोंडानं नाही, तळव्यानं.

तिचं काम खड्ड्यात उभं राहायचं. उतरलेली बॅटरी ढकलगाडीवरून कप्प्यात सरकवायची, नंबर बघायचा, चार्जिंगला लावायची. पण सरकवण्याआधी ती बॅटरीच्या वरच्या अंगावरून तळवा फिरवायची. बॅटरी गाडीच्या फरशीएवढी रुंद, तिच्यावरच माणसं बसलेली. कुठं ऊब आहे, कुठं नाही, त्यावरून अक्का सांगायची, "ही एकट्याला घेऊन आलीय," नाहीतर "मागं दोघं होते, एक जाडा होता."

केंद्रावरचा इंजिनिअर हसायचा. "अहो अक्का, बॅटरी आहे ती. उबवायला बसलेली कोंबडी नव्हे!"

"तुझ्या यंत्राला कळत नाही ते माझ्या हाताला कळतं. तू आपले नट आवळ."

एकदा बेकरीवाला म्हणाला, मी एकटाच आलो. अक्का खड्ड्यातूनच ओरडली, "मग तुझ्या शेजारी काय पावाचा ट्रे बसला होता?" बेकरीवाला कानापर्यंत लाल झाला. महिन्याभरात त्याचं लग्न झालं. त्यानंतर इंजिनिअर हसायचा, पण जरा बेतानं.

अक्काची धाकटी बहीण टॅक्सी चालवायची. तिला घरीदारी सगळे धाकटीच म्हणायचे. रांगेत आली की हॉर्न द्यायची, दोन आखूड, एक लांब. अक्का खड्ड्यातून वर डोकं काढायची. मग धाकटी शेजारच्या सीटवरची धूळ हातानं पुसायची आणि म्हणायची, "बघ, पुसून ठेवलीय. ही सीट तुझी. एकदा तरी बस की गं माझ्या शेजारी. किती दिवस त्या खड्ड्यात उभी राहशील?"

"हो पुढं. रांग लागलीय मागं."

दर वेळी हेच. अक्का कधी बसली नाही. कधी काम होतं, कधी काम नव्हतं तरी बसली नाही.

आता त्या दिवसाचं ऐका. रांग पार वळणापर्यंत गेलेली. भरलेली बॅटरी एकच उरली होती आणि पुढं धाकटी उभी. तिच्या मागचा एक गृहस्थ खिडकीतून अर्धा बाहेर येऊन बोंबलत होता, उशीर होतोय, तक्रार करीन, तुमची नोकरी घालवीन. अक्कानं विचार केला, ही तर घरचीच आहे. भरलेली बॅटरी तिनं बोंबलणाऱ्यासाठी ठेवली आणि बहिणीच्या गाडीला लावली एकेचाळीस नंबरची. सत्तर टक्के.

धाकटीनं समोरच्या पडद्यावरचा आकडा बघितला आणि खो खो हसली. "वा गं वा! परक्याला भरलेली आणि बहिणीला उष्टी?"

"पोचशील. फार मिजास नको."

दोन आखूड, एक लांब. गेली.

ती गेली ती गेलीच. तिच्या फोननं शेवटचं ठिकाण सांगितलं ते बंद पडलेल्या चुनखाणीजवळच्या वळणाचं. खाणीत पाणी साठलेलं. पाणबुड्यांनी तीन दिवस तळ चाचपला. गाडी नाही, काचेचा तुकडा नाही, रस्त्यावर टायर घासल्याची खूणसुद्धा नाही. अशी नाहीशी झाली, जशी पाटीवरची रेघ पुसावी.

आठ महिने झाले. आई रोज जेवताना एकच विचारायची, "तिला भरलेली दिली होतीस ना?"

"हो."

"मग गाडी वाटेत बंद नसेल पडली."

"नाही आई."

आणि तो घास अक्काच्या घशातून खाली उतरायचा नाही. जगात तिला एवढंच कळून घ्यायचं होतं. त्या सत्तर टक्क्यांनी दगा दिला का? त्या वळणावर, एकटीला, माझ्यामुळं?

मग एके दिवशी दुपारी धुकं उतरलं. भर दुपारी असं धुकं त्या भागात क्वचित. मास्तरांची गाडी ओट्यावर चढली. सकाळीच अक्कानं त्यांना बारा नंबर दिली होती. यंत्रानं बॅटरी खाली आणली, अक्कानं सवयीनं तळवा टेकवला आणि झटकन मागं घेतला.

गार. एवढ्या लांबून धावून आलेली बॅटरी विहिरीतून काढलेल्या दगडासारखी गार. अंगावर ओल, आणि ओलीला भिजलेल्या चुन्याचा वास. अक्कानं नंबर बघितला. एकेचाळीस. कोपऱ्यावर तो जुना ओरखडा, ढकलगाडी आपटून तिच्याच हातून पडलेला.

तिनं आकडा बघितला. सत्तर.

अक्का खड्ड्याची शिडी चढून वर आली. "मास्तर, वाटेत कुठं बॅटरी बदललीत?"

"छे हो. तुमच्याशिवाय आहेच कुठलं केंद्र या रस्त्याला?"

"थांबला होतात?"

"थांबलो होतो ना. खाणीच्या वळणावर. मुख्याध्यापकांचा फोन आला म्हणून पाच मिनिटं..." मास्तर बोलता बोलता थांबले. चष्मा काढून पुसायला लागले. "एक झालं खरं. गाडीला हिसका बसला. तुमच्या इथं बसतो ना, अगदी तस्सा. मला वाटलं, मागून कुणी धडकलं. उतरून पाहिलं तर... कुणी नव्हतं."

"आवाज आला?"

"आला. टक्."

इंजिनिअरला दाखवलं तर तो म्हणाला, नंबर वाचण्यात यंत्राची चूक झाली असेल. ओरखडा दाखवला तर म्हणाला, ओरखडे काय, सगळ्यांनाच असतात. चुन्याचा वास घ्यायला लावला, तर नाक चोळत मागं सरकला. बॅटरी कप्प्यात घालून चार्जिंगला लावली. सकाळपर्यंत आकडा हलला नव्हता. सत्तर म्हणजे सत्तर.

"ही अशी कशी?" इंजिनिअर डोकं खाजवत म्हणाला. "चढत नाही, उतरतही नाही. इथून खाणीपर्यंत जायलाच दहा टक्के लागतात. फार तर साठ दिसायला हवेत."

अक्का म्हणाली, "म्हणजे ही संपून गाडी बंद पडली नाही."

"अक्का, ही वापरलीच गेलेली नाही."

खरं तर छातीवरचा दगड तिथंच उतरायला हवा होता. उतरला नाही. बॅटरी संपली नाही, तर मग बहीण कुठं आहे? आणि तिनं मास्तरांची भरलेली बारा नंबर कशाला नेली?

त्याच दुपारी एकेचाळीसचा कप्पा रिकामा दिसला. कुलूप जसंच्या तसं. दोन दिवसांनी पुन्हा धुकं पडलं आणि बेकरीवाल्याच्या गाडीखालून एकेचाळीस उतरली. त्याची सत्तावीस नंबर गेली होती, पूर्ण भरलेली. तोही खाणीच्या वळणावर थांबला होता, काच पुसायला. हिसका... टक्. त्याच्या पावांना संध्याकाळपर्यंत चुन्याचा वास येत होता म्हणे. त्या दिवसापासून तो लांबच्या रस्त्यानं जाऊ लागला.

दुसरी कुणी असती तर नोकरी सोडून घरात बसली असती. अक्काला भीती वाटली नाही असं नाही.  पण भीतीच्या वर तिला एक खाज सुटली होती. न्यायची तर बॅटरी चोरून न्यायची, पण ही बदल्यात दुसरी देऊन जात होती. केंद्राचा नियम पाळत होती. रिकामी ठेवायची आणि भरलेली घ्यायची. फक्त रिकामीच्या जागी दर वेळी तीच, तीच उष्टी.

"मला दाखवतेय," अक्का रात्री अंथरुणात पडल्या पडल्या म्हणाली. "नाक घासून दाखवतेय, काय दिलं होतंस ते."

पलीकडून आई म्हणाली, "कोण?"

"कुणी नाही. झोप."

एकेचाळीस पुन्हा कप्प्यातून नाहीशी झाली. तिसऱ्यांदा धुकं पडलं तेव्हा अक्कानं कप्प्यातली सगळ्यात नवी बॅटरी काढली, तीन नंबर. बोट फिरवून धूळ पुसली आणि इंजिनिअरपुढं हात पसरला. "तुझी गाडी दे."

"कशाला?"

"देणारेस की नाही?"

त्यानं किल्ली दिली, तीन नंबर गाडीखाली बसवली. एवढंच म्हणाला, "अक्का, मी येऊ?"

"नको. तू आलास तर ती बोलायची नाही."

खाणीच्या वळणावर दुपारचे चार वाजले होते, पण उजेड शिळ्या दुधासारखा. अक्कानं गाडी कडेला घेतली. दार उघडलं नाही. शेजारची सीट रिकामी होती, तिच्याकडं बघायचं तिनं टाळलं. खाणीच्या काठावरून पाण्यात काहीतरी टपकत होतं... थांबत होतं... पुन्हा टपकत होतं. चुन्याचा वास आधी हलकाच आला, मग डोळ्यांना झोंबायला लागला.

"धाकटे," अक्का म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "मी आलेय."

टपकणं थांबलं.

"त्या मेल्याच्या ओरड्याला भ्यायले मी. नोकरीला भ्यायले. म्हटलं, घरचीच आहे, चालवून घेईल." तिनं नाक पुसलं. "आईला खोटं सांगितलं. रोज सांगते. ही घे... ही पूर्ण भरलेली आहे. नवी आहे. कुणाचं बूड लागलं नाही अजून."

गाडीला हिसका बसला.

खालून, तिच्या पायांच्या बरोबर खालून, कुणीतरी सोडवत होतं. घाई नव्हती. एक एक नट, माहीतगार हातानं. मग जड काहीतरी घसरत जवळ आल्याचा आवाज. मग...

टक्.

पडद्यावर नव्वद होते. आता सत्तर झाले.

अक्का उतरली. गुडघे टेकून गाडीखाली वाकली. खाली सरळ, सपाट डांबर. खड्डा नाही, यंत्र नाही, माणूस नाही. आणि पुढं धुक्यात, दिसत नव्हतं पण लांबही नव्हतं, हॉर्न वाजला. दोन आखूड. एक लांब. मग चाकांचा आवाज दूर दूर गेला. टपकणं पुन्हा सुरू झालं.

घरी येऊन अक्का ताटावर बसली. आईनं विचारायच्या आधीच म्हणाली, "आई, त्या दिवशी भरलेली नव्हती दिली. सत्तर टक्के होती."

आईनं तिच्या ताटात भाकरी वाढली. मग म्हणाली, "आज कुठं गेली होतीस?"

"तिच्याकडं. भरलेली देऊन आले."

"घेतली?"

"घेतली."

"मग जेव," आई म्हणाली, आणि आठ महिन्यांनी तो घास पहिल्यांदा खाली उतरला.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअरनं एकेचाळीस चार्जिंगला लावली. दुपारपर्यंत गुमान शंभर झाली, जशी कुठली साधी बॅटरी होते. तो आनंदला. अक्कालाही वाटलं, मिटलं.

चार दिवसांनी बाराचा कप्पा भरलेला दिसला. कुणी आणली नव्हती. पार रिकामी, आकडा शून्य, आणि तापलेली, लांबून लांबून आलेली. अक्कानं तळवा फिरवला. ऊब फक्त चालकाच्या जागी. एकटी होती. अक्काला बरं वाटलं. ती हळूच म्हणाली, "फिरतेस होय गं?"

आठवड्यानं सत्तावीस आली. तीही शून्य. चालकाच्या जागी ऊब होती आणि मागं एका कोपऱ्यात होती. अक्काचा हात तिथं जरा थांबला. धाकटी निघाली तेव्हा गाडीत कुणी नव्हतं. मग हे कोण बसलं? कुठल्या थांब्यावर?

"किती जण?" इंजिनिअरनं वरून विचारलं. आता तो हसत नव्हता.

"दोघं."

महिना झाला. पुन्हा भर दुपारी धुकं उतरलं आणि तीन नंबर तिच्या कप्प्यात येऊन बसली. अक्का खड्ड्यात एकटीच होती. तिनं पदराला हात पुसले आणि तळवा टेकवला. चालकाची जागा गरम. मागची बाजू या टोकापासून त्या टोकापर्यंत गरम, खांद्याला खांदा लावून माणसं बसावीत तशी. गाडी भरली होती.

फक्त चालकाच्या शेजारची जागा गार होती. विहिरीतल्या दगडासारखी गार.

"किती जण, अक्का?" वरून आवाज आला.

अक्कानं हात मागं घेतला. ती वाकून बघत होती. सगळ्या बॅटरीवर चुन्याचा पांढरा थर बसला होता, बोटभर. आणि तेवढ्या एका गार जागेवरचा थर कुणीतरी हातानं नीट, स्वच्छ पुसून ठेवला होता.