ओली जमीन जास्त बोलते

माझ्याकडं लोक हरवलेलं लोखंड शोधायला येतात. नांगरटीत गडप झालेली बोअरची केसिंग, मातीखाली गेलेला पाइपलाइनचा व्हॉल्व्ह, मोजणीवाल्यांनी ठोकलेली आणि शेजाऱ्यानं दाबून टाकलेली हद्दीची सळई. कधी एखादीचा कानातला डूल. कुरकुंभच्या एका कंपनीत मी अकरा वर्षं इन्स्ट्रुमेंट फिटर होतो. प्लँट बंद झाला तेव्हा हे मेटल डिटेक्टर घेतलं आणि तळेगाव ढमढेऱ्यात घराच्या दारावर पत्र्याची पाटी लावली. ‘रविराज. जमिनीतलं शोधून मिळेल.’

काम सोपं दिसतं, पण सगळं जमिनीच्या मनावर असतं. नदीकाठच्या पोयट्यात यंत्र गप राहतं. काळ्या रानात उन्हानं भेगा पडल्या की नुसतं कुरकुरतं. यंत्राच्या टोकाची थाळी भेगेवरून गेली तरी टुणकन वाजते. डोक्यावर हाय टेन्शनच्या तारा असल्या तर कानात मोहोळ उठतं. पाणी पाजलेल्या रानात आवाज खोलातून येतो, धुतल्यासारखा येतो. पण तेच रान खारवटलेलं असलं तर मातीच धातूसारखी बोलायला लागते. म्हणून थाळी आडवी फिरवायची, मग उभी. दोन्हीकडून सारखं वाजलं तरच खरं मानायचं. लोखंड खालच्या सुरात घुमतं. चांदी वर चढते, वासराच्या गळ्यातल्या घुंगरासारखी. आणि पायात कंपनीचे लोखंडी टोपीचे बूट घालायचे नाहीत. थाळी आपल्याच पावलावर ओरडते. मी कॅनव्हासचे घालतो.

फाल्गुनात एक फोन आला.

“दादा, मी धनश्री. भांडगावची.”

तिला मी कधी पाहिलंही नव्हतं.

माझी धाकटी बहीण स्नेहल भांडगावाबाहेरच्या एका वस्तीवर दिली होती. चार वर्षांपूर्वी ती घरामागच्या शेततळ्यात सापडली. तळ्याला प्लास्टिकचा कागद. पाय घसरला की माणसाला वर येता येत नाही, असं सगळेच म्हणाले. पोलिसांच्या जबाबात ‘आमचा कुणावर संशय नाही’ असं लिहिलं होतं. त्याखाली सही माझी. वर्षाच्या आत तिच्या नवऱ्यानं, विक्रमनं, धनश्रीशी लग्न केलं. पहिली गेली आणि दुसरी आली की पहिलीचा चांदीचा टाक घडवून दुसरीच्या गळ्यात घालतात. बोटाच्या पेराएवढा पत्रा, त्यावर ठोकलेली बाई. आणि पहिलीचं माहेर तेच दुसरीचं माहेर. म्हणून मी दादा.

“टाक हरवला दादा. कांद्याच्या रानात. आत्या म्हंत्यात, त्यो घावंस्तवर…” पुढचं तिनं गिळलं. “तुमच्याकडं मशीन हाय ना?”

गेलो. विक्रम कुरकुंभच्या दुसऱ्या एका कंपनीत पहिल्या शिफ्टला होता. त्याची आई, धनश्रीच्या तोंडची ‘आत्या’, वच्छलाबाई, ओट्यावर लसूण सोलत बसली होती.

“या पाव्हणं. चार वर्सं चहाला आला न्हाईत. आज रेडिओ घिऊन आलाय व्हय?”

“टाक शोधायला आलोय, मावशी.”

“शोधा की. हिचं ध्यान कुठं आसतंय, तेबी घावतंय का बघा त्यात.”

धनश्री पाण्याचा तांब्या घेऊन आली. सातवा महिना. पावलं सुजून गोळा झालेली. जोडवी उतरवून ठेवली होती, बोटांवर त्यांचे पांढरे वळ तेवढे उरले होते. तांब्या देताना ती खाली वाकली आणि ओठ न हलवता बोलावं तसं बोलली, “पयलं बाळंतपण म्हायेरी आसतंय. आत्या म्हंत्यात हितंच हुईल, सुईण बगंल. दवाखान्यात एकदाच न्हेलंय. दादा, मला न्याल?”

तिला बाप नव्हता. चुलत्यानं लग्न उरकून दिलं होतं. हे मला नंतर कळलं असं म्हणायची सोय आहे. खरं तर तेव्हाच माहीत होतं.

“आधी टाक सापडू दे,” मी म्हणालो. “मग मी बोलतो त्यांच्याशी.”

“व्हय,” म्हणाली आणि रिकामा तांब्या घेऊन आत गेली.

काढणी झालेलं कांद्याचं रान घर आणि शेततळं यांच्या मध्ये होतं. भर दुपार, पातीचा उग्र वास, भेगांत बोट जाईल इतकी तडकलेली जमीन. यंत्र सारखं कुरकुरत होतं. गुटख्याची पुडी, ठिबकची तार, बाटलीचं झाकण. तेवढ्यात एक बारीक सूर वर चढला. चांदी. टीचभर खणलं. काही नाही, आणि सूरही गेला. पुढं दीड फुटावर पुन्हा तोच. खणलं, नाही. चार खड्डे रिकामे. भेगांचं खोटं वाजणं, असं मी मनाशी पक्कं केलं आणि रानाला पाणी पाजायला सांगून निघालो.

पाच दिवसांनी गेलो तेव्हा पाणी मुरून वाफसा आला होता. कुरकुर नाही, खरखर नाही. घराच्या मागल्या दारापाशी थाळी टेकवली आणि पहिल्याच फिरकीला ती चांदी वाजली. आडवी, उभी, दोन्हीकडून. खारवट रान म्हणावं तर तसं पांढरं कुठंच फुटलेलं नव्हतं. मी चिमूटभर माती जिभेवर ठेवूनही पाहिली. या वेळी खणलं नाही. सूर आला की चुन्याच्या फक्कीचा ठिपका टाकायचा आणि पुढं जायचं. थोडा डावीकडं एक, थोडा उजवीकडं एक. दीड दीड फुटावर. तीसेक ठिपके झाल्यावर कंबर सरळ केली आणि मागं वळून पाहिलं.

पावलं होती.

जोडवी घातलेल्या बाईमाणसाची, आखूड टाकलेली. मागल्या दारातून निघून कुठंही न थबकता, न वळता, सरळ शेततळ्याकडं. शेवटचा सूर प्लास्टिकच्या कडेला वाजला. परतीचा एकही नव्हता.

“रांगोळी कुनासाठी म्हनायची, पाव्हणं?”

वच्छलाबाई मागं येऊन उभी होती. या खेपेला ती हसत नव्हती. खराटा उचलून तिनं एकेक ठिपका ओल्या मातीत घासून टाकला. घासता घासताच म्हणाली, “ती गेली तवा येकलीच गेलीवती. समद्यांनी बघितलंय.”

मी काहीच विचारलं नव्हतं.

त्यानंतर मी टाक शोधत नव्हतो. मी लोखंड शोधत होतो. विक्रमच्या पायात कंपनीचे बूट असतात, माझ्या असायचे तसेच. चांदीच्या बाजूनं किंवा मागून खालचा सूर एकदा, एकदाच घुमावा, म्हणून मी ती वाट चार वेळा पालथी घातली. माझ्या सहीवर शाई ओतायला मला कुणीतरी हवं होतं. घुमलं नाही.

निघताना धनश्री कुंपणापाशी आली. मनगटावर हिरवट डाग होता, तो तिनं पदरानं झाकला.

“आज न्याल, दादा?”

“अजून टाक कुठं सापडलाय?”

ती हसली. मला ते हसणं चार दिवस पुरलं.

मग अवकाळी आला. दोन दिवस गारा आणि वारा. तिसऱ्या सकाळी अनोळखी नंबरवरून धनश्रीचा आवाज आला. “शेजारनीच्या फोनवरनं बोलतीय. टाक कांद्यात न्हाई. फाट्यावरनं घराकडं येताना वाटंवर पडला आसंल. आज याच, दादा.”

फाट्यापासून वस्तीपर्यंत बैलगाडीची जुनी वाट आहे. आभाळ खाली आलेलं, गारांनी झोडपलेल्या बाभळीच्या शेंगा चिखलात रुतलेल्या. अशा ओल्या जमिनीत यंत्र कसं वाजतं ते सांगून कळायचं नाही. माती कानाशी तोंड आणून बोलते.

पहिली फिरकी. चांदी.

दुसरी. चांदीच्या शेजारी, हातभरावर, लोखंड.

लपवत नाही, मला आनंद झाला. “सापडलास,” मी मोठ्यानं म्हणालो. विक्रमच. आखूड पावलांची चांदी आणि तिच्या बाजूनं लांब ढांगांचं लोखंड, दोघं बरोबर, घराच्या दिशेनं. मी फक्की काढली नाही. नुसता ऐकत चाललो.

निम्म्या वाटेवर बाभळीखाली दोन्ही सूर थांबले.

तिथं चांदी एकाच जागी खूपदा वाजत होती. पाय चाळवल्यासारखी. लोखंड दोनदाच. घट्ट उभं.

मग आधी लोखंड निघालं. चांदी मागून.

घराच्या पायरीपाशी चांदी आत गेली. लोखंड गेलं नाही. ते वळलं, आणि आल्या वाटेनं फाट्याकडं निघालं. भराभर. बाभळीखाली न थांबता.

विक्रम तर इथंच राहतो. तो कशाला परत जाईल?

मी त्या सुरामागून बाभळीपर्यंत आलो आणि तिथं मला सगळं दिसलं. चार वर्षांपूर्वी पहिली शिफ्ट सुटल्यावर मी माहेरी आलेल्या स्नेहलला नांदायला आणून सोडलं होतं. कंपनीतून घरी आलो आणि बूटही न बदलता तिला घेऊन निघालो होतो. या बाभळीखाली तिनं पिशवी खाली ठेवली. म्हणाली, “दादा, आजचा दिस ऱ्हाऊ दे ना. मी उद्या जाते.”

मी म्हणालो, “चल लवकर. थोडं सोसावं लागतं.”

एकोणीस दिवसांनी तळ्याचा फोन आला होता.

मी कॅनव्हासचा बूट लोखंडाच्या सुरावर ठेवला. दुसरा पाय पुढं टाकला. तो पुढच्या सुरावर पडला. तिसराही.

मी परत वस्तीवर गेलो. धनश्री दारातच होती.

“पिशवी भर,” मी म्हणालो.

पिशवी भरलेलीच होती. तिनं पोलक्यातून काळ्या दोऱ्यातला टाक काढून माझ्यापुढं धरला. “हरवलाच न्हवता, दादा. तुमाला बोलवायला दुसरं काय निमित करणार हुते मी?”

मग इतके दिवस काय वाजत होतं, हे मी तिला विचारलं नाही. तिला ते माहीत असायचं कारण नव्हतं.

टाक तिनं ओट्यावर, वच्छलाबाईच्या लसणाच्या सुपात ठेवला.

“गळ्यातली उतरवून चाललीस? ती सोडायची न्हाई तुला.”

“ती कुठं धरतीय, आत्या. तुमी धरताय.”

वच्छलाबाई उठली नाही. माझ्याकडं बघून, अगदी मऊ आवाजात म्हणाली, “पाव्हणं, हिला परत घिऊन याल तवा चहा घ्या. तुमी आणून सोडताच की.”

मी पिशवी उचलली.

आम्ही वाटेला लागलो. धनश्री माझ्या उजव्या हाताला, चिखलात जपून पाय टाकत. पिशवी माझ्या खांद्यावर. यंत्र बंद करायचं भानच नव्हतं. थाळी डाव्या बाजूला लोंबत होती आणि हेडफोन कानावर तसेच होते.

दहा पावलं गेलो असू. डाव्या बाजूला चांदी वाजली.

मी चाललो की वाजायची. मी थांबलो की थांबायची.

“काय ऐकताय, दादा?”

“काही नाही. चल.”

ती चांदी फाट्यापर्यंत आली. आपल्या वस्तीच्या शेवटच्या बांधापाशी थांबली. पाहुण्यांना वाटेला लावायला घरातली बाई येते आणि बांध ओलांडत नाही, तशी.

चौफुल्याकडं जाणारी जीप आली. धनश्री चढली, सरकून तिनं मला जागा केली. मी बांधापाशीच उभा. थाळी मी एका जागी धरून ठेवली होती, जराही हलवत नव्हतो. ती फूट-दीड फुटाच्या पलीकडचं ऐकू शकत नाही. हे मला पक्कं ठाऊक आहे.

सूर परत फिरला होता. दीड दीड फुटानं लांब जात होता.

बाभळीखालून गेला. पायरीपाशी गेला. तिथं जरा वेळ काहीच नाही.

मग पुन्हा सुरू झाला. घराच्या मागल्या अंगानं, शेततळ्याकडं.

“ओ शेठ, येताय का जाऊ?” ड्रायव्हर ओरडला.

मी हेडफोन काढले आणि जीपमध्ये बसलो.

यंत्र पायाशी आडवं ठेवलं होतं. बंद करायला माझा हात गेला नाही. जीपच्या घरघरीतही हेडफोनमधला तो बारीक सूर ऐकू येत होता, एकसारखा, आखूड आखूड. धनश्रीचा डोळा लागला होता.

चौफुला यायच्या आत तो एकदम थांबला.